समोरून शिकलेला ठेका

दवाखान्याचं दार ढकलून तो आत आला, आणि हातातला ट्रे मी खाली ठेवायच्या ऐवजी चक्क सोडून दिला.

चिमटे, आरसे, टोकदार सळ्या, सगळं फरशीवर खणखणत पसरलं. आतल्या खोलीतून आत्याचा आवाज आला, "काय पाडलंस?" उत्तर द्यायला जीभ लागते, आणि माझी टाळ्याला चिकटली होती. समोर तो उभा होता. तोंडावर रुमाल, रुमालावर रक्त, आणि रुमालाच्या वर ते डोळे...

ते डोळे माझ्या ओळखीचे होते. म्हणजे, दुरून. आमचा दातांचा दवाखाना पहिल्या मजल्यावर, आणि अरुंद गल्लीच्या पलीकडे, आमच्या खिडकीच्या अगदी समोर, ड्रमचा क्लास. तिथे ड्रमसेटच्या मागे बसणाऱ्या या माणसाला मी रोज पाहत होते. रविवारी दवाखाना बंद, म्हणून तेवढा रविवार सुटायचा, आणि तो मला फार लांबलचक वाटायचा. मध्ये दोन काचा आणि एक गल्ली असली की एखाद्यावर जीव जडणं फार सोयीचं असतं. त्याला कळत नाही, आपल्याला लाजावं लागत नाही. आता तोच माणूस हातभर अंतरावर उभा राहून माझ्याकडे बघत होता आणि माझ्या पायाशी चिमटे लोळत होते.

त्याच्या पाठोपाठ एक पोक्त गृहस्थ धापा टाकत आले. हातात ड्रमची एकच काठी.

"माझ्यामुळे झालं हो हे," ते मला सांगू लागले. "जोरात मारायला गेलो, काठी निसटली ती थेट सरांच्या दातावर. बँकेत जन्म गेला माझा, कुणाला कागदाचा कोपरासुद्धा लागू दिला नाही. आणि निवृत्त झाल्यावर हा पराक्रम."

आत्या बाहेर आली. माझी आत्या म्हणजे या दवाखान्याची डॉक्टर, आणि मी तिची मदतनीस. पेशंटसमोर मी तिला 'डॉक्टर' म्हणते आणि ती मला 'मॅडम' म्हणते. पेशंट गेला की मी 'कार्टी'. समोरच्या ड्रमवाल्याला तिने नाव ठेवलं होतं – ठोक्या. ड्रिल सुरू असताना पलीकडून धडाम आवाज आला की खुर्चीतला पेशंट दचकायचा, आणि आत्या दातओठ खाऊन म्हणायची, "एकदा या ठोक्याचं तोंड माझ्या तावडीत सापडू दे." आता तो सापडला होता. पण त्याचा रुमाल बाजूला करून तिने आत पाहिलं, आणि ती एकदम मऊ झाली.

"समोरचाच गेलाय निम्मा," ती म्हणाली. "बसा. मॅडम, ट्रे उचलता का? की पेशंटने उचलायचा?"

खुर्चीत तो आडवा झाला. दिवसभर लोकांना 'आ करा' म्हणणारी मी, त्या वेळी स्वतःच आ वासून उभी होते. मग भानावर आले, सक्शनची नळी धरली, आणि वाकले. इतक्या जवळून मी त्याला कधी पाहिलंच नव्हतं. काचेतून दिसायचा तो मोठा बेफिकीर माणूस होता. हा तर भेदरला होता. त्याची बोटं खुर्चीच्या हातावर टकटकत होती, आणि बोटांच्या बुडाशी जुने घट्टे होते. डावी भुवई मध्येच तुटलेली. हे कसं काय मला इतके दिवस दिसलं नाही, याचंच मला नवल वाटत राहिलं.

भूल दिली, कापूस ठेवला, ड्रिल सुरू झालं. तेवढ्यात त्याने माझ्याकडे डोळे वळवले आणि काहीतरी बोलू लागला.

"उं... आं उं..."

"दुखतंय का?" आत्याने विचारलं.

"आं-आं." मान हलवून नाही म्हणाला, पुन्हा माझ्याकडे बघून, "उं आं उं..."

"बोलू नका. नंतर सांगा."

तुटलेल्या दातावर तात्पुरती कॅप बसली. पक्की कॅप लॅबमधून बनून यायला तीन आठवडे लागणार होते. त्यासाठी मी त्याच्या दातांचं माप घेतलं. गुलाबी लगदा ट्रेमध्ये भरून तोंडात दाबून धरायचा आणि तो घट्ट होईपर्यंत थांबायचं. तेवढा वेळ माझं बोट त्याच्या ओठांवर होतं. मी छताकडे बघत राहिले.

सगळं झाल्यावर त्याने चूळ भरली आणि बधिर ओठांनी, बोबडं बोलत म्हणाला, "मी मघाशी सांगत होतो... तुम्ही श्वास घ्या."

"अं?"

"तुम्ही श्वास रोखून धरला होतात. बराच वेळ. मला वाटलं, माझ्या जागी तुम्हालाच झोपवावं लागतंय या खुर्चीत."

माझे कान तापले. तेवढ्यात बँकवाले काका मध्येच बोलले.

"डॉक्टर, तीन आठवड्यांत नक्की होईल ना? महिनाअखेरीला हे निघालेत. दुसऱ्या गावात मोठं हॉटेल आहे, तिथे रोज संध्याकाळी वाजवायचं काम लागलंय. क्लास बंद करणार. आता हॉटेलात समोरचा दात नसलेला माणूस कोण उभा करेल?"

महिनाअखेर. क्लास बंद. मी धुवायला घेतलेला मापाचा ट्रे नळाखाली तसाच धरून उभी राहिले. पाणी ओसंडून माझ्या बुटांवर पडू लागलं, तरी मला कळलं नाही. म्हणजे हा आजच भेटला आणि जाणार?

तो जायला निघाला, तेव्हा दारात थबकला. "तुम्हाला आवाजाचा फार त्रास होत असेल ना आमच्या?"

"नाही... म्हणजे... आवडतो."

"आवडतो?" त्याची तुटकी भुवई वर गेली. "मग या की शिकायला. जाण्याआधी सुरुवात तरी करून देतो."

"मी? मला त्यातलं काही म्हणजे काही येत नाही."

हे मी म्हणाले खरं, पण ते पूर्ण खरं नव्हतं.

त्याचं असं होतं. माप घेतलं की त्यात प्लास्टर ओतून दातांचं मॉडेल करायचं, हे माझं काम. प्लास्टर ओतलं की ते घट्ट होईपर्यंत हलायचं नाही, धक्का लावायचा नाही, नुसतं बसायचं. माझं बसायचं स्टूल खिडकीशी. समोर तो. तो वाजवायचा, मी बघायची. बघता बघता हात वळवळायला लागले. तोंडात घालायच्या जुन्या, बाद झालेल्या आरशांच्या दोन दांड्या घेतल्या, मांडीवर उशी घेतली, आणि खिडकीच्या कट्ट्याआड, कुणाला दिसणार नाही अशा बेताने, तो करेल ते करू लागले. त्याचा एक हात भरभर टिकटिकायचा, दुसरा मध्येच एक सणसणीत फटका द्यायचा, पाय खाली धप्प करायचा. वर्षभरात तो एक ठेका मला असा पाठ झाला होता की आत्याने झोपेतून उठवलं असतं तरी वाजवला असता. पण उशीवर. खऱ्या ड्रमला माझं बोटही लागलं नव्हतं.

आत्याला मी सांगितलं, "ड्रम शिकायला जाते आहे. मनगटाला व्यायाम होतो म्हणतात."

तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "ठोक्याकडे?"

"हो."

"मनगटाला?"

"हो."

"बरं," ती म्हणाली, आणि पुन्हा वर्तमानपत्रात तोंड घातलं. ती इतकं कमी बोलली याचाच मला धक्का बसला.

क्लासमध्ये मला ड्रमजवळ कुणी फिरकूच दिलं नाही. नवशिक्याला मिळतं एक रबरी पॅड, जेमतेम ताटाएवढं, आणि दोन काठ्या. एकीकडे मी, दुसरीकडे बँकवाले काका. काका माझ्याआधी महिनाभर लागले होते, त्यामुळे स्वतःला मुरलेले समजत. "हाताला फोड येतात हो," त्यांनी मला पहिल्याच दिवशी अभिमानाने तळवे दाखवले. "घरी बायको म्हणते, आयुष्यात पहिल्यांदा कष्ट केलेस."

"काठी आवळू नका," सर म्हणाले. क्लासमध्ये मीही त्याला सरच म्हणत होते. "पॅडवर आपटली की तिला स्वतःला वर यायचं असतं. तुम्ही फक्त आडवं यायचं नाही."

मी आवळली. काठी पॅडवर मेल्यासारखी पडली.

"घाबरताय कशाला? पेशंटच्या तोंडात ट्रे असाच धरता?"

"तो सैल धरला तर घशात जातो."

"ही नाही जाणार." तो हसला, आणि तात्पुरती कॅप चमकली. "फार तर दातावर येईल. त्याची सोय तुमच्याकडे आहेच."

काका खजील होऊन खाली बघू लागले. मी काठी सैल केली. ती पडली आणि आपणहून उडाली. मला इतकं नवल वाटलं की मी काठीकडेच बघत बसले. इतके दिवस उशीवर बडवत होते. उशी काही काठी परत देत नाही. आपण मारायचं निम्मंच, उरलेलं तिचं तिला करू द्यायचं, हे मला वर्षभर काचेतून दिसलंच नव्हतं.

"आता एकेक हात. उजवा आधी. उजवा, डावा, उजवा, डावा..."

मी सुरू केलं. तो थांबला.

"उजवा आधी म्हटलं."

"हो."

"हा डावा आहे."

खरंच डावा होता. मी पुन्हा सुरू केलं, पुन्हा डावा.

"लिहिता कुठल्या हाताने?"

"उजव्या."

"जेवता?"

"उजव्याच."

"मग हा डावा मध्येच कुठून उगवतो?"

"माहीत नाही, सर," मी म्हणाले, आणि मला खरंच माहीत नव्हतं.

दिवस भराभर संपत होते आणि मी रोज ठरवून जात होते की आज सांगायचं. काय सांगायचं तेही पाठ केलं होतं. पण मी तोंड उघडलं की काकांना काहीतरी विचारायचं असायचं. नाही तर मीच भलतं काहीतरी बोलून बसायची. एकदा त्याने विचारलं, "ही कॅप पडली तर काय करू?"

"खिडकीतून हाक मारा."

"ऐकू येईल?"

"तुमचं सगळं ऐकू येतं मला," मी म्हणाले, आणि मग घाईघाईने, "म्हणजे आवाज... तुमच्या ड्रमचा आवाज येतो. सगळ्यांनाच येतो."

"हो का," तो म्हणाला, आणि उगाचच काठ्या पुसू लागला. त्या स्वच्छच होत्या.

शेवटचा आठवडा आला. पक्की कॅप लॅबमधून आली होती; दुसऱ्या दिवशी ती बसवली की आमच्याकडचं त्याचं काम संपलं. त्या संध्याकाळी त्याने रबरी पॅड उचलून कपाटात ठेवलं आणि मला म्हणाला, "आज खऱ्यावर बसा. एवढं शिकून पॅडवरच संपवलंत असं नको व्हायला."

मी ड्रमच्या मागच्या स्टुलावर बसले. त्याने स्टूल माझ्या उंचीला लावून दिलं. मी मान वर केली आणि हबकलेच. समोर खिडकी, खिडकीपलीकडे गल्ली, आणि गल्लीपलीकडे आमचा दवाखाना, स्पष्ट, एकन् एक वस्तू दिसावी असा. फळीवर ओळीने मांडलेले प्लास्टरचे दात, भिंतीवरचं घड्याळ, माझं रिकामं स्टूल. मी समजत होते, मी लपून बघते. इथून तर माझी वेणी सुटली आहे की बांधलेली तेसुद्धा दिसत असणार. हात तेवढे कट्ट्याआड राहत असतील, एवढाच काय तो दिलासा.

"काहीही वाजवा," तो म्हणाला. "जे मनात येईल ते."

मनात एकच ठेका होता. मी त्या रिकाम्या स्टुलाकडे नजर लावली, म्हणजे मला वाटावं की मी तिथेच बसले आहे, आणि सुरुवात केली.

आधी 'छप' असा विचित्र आवाज आला. मग 'धम्म'. जिथे टिकटिक व्हायला हवी होती तिथे माझी काठी उजवीकडच्या मोठ्या जाड ढोलावर बसत होती. आणि जो पाय खाली धप्प करायला हवा, तो झांजांची जोडी उघडमीट करत होता. काहीतरी भयंकर चुकलं होतं, पण हात थांबेनात. वर्षभराची सवय होती त्यांना. धम्म-धम्म-छप, धम्म-धम्म-छप. एकेक ठोका अगदी वेळेवर पडत होता, फक्त भलत्याच जागी.

मी थांबले. मग काका हळूच म्हणाले, "सर... हा तुमचाच ठेका आहे की. पण उलटा. आणि सुरू करायच्या आधी तुम्ही जो उजवा खांदा उडवता, तो हिने डावा उडवला. आरशात बघून शिकल्यासारखं."

तो माझ्याकडे बघत होता. रंग उडाला होता त्याच्या चेहऱ्याचा.

"कुणाकडे शिकलात?"

"फोनवर... व्हिडिओ बघून."

"माझा खांदा कुठल्या व्हिडिओत आहे?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीकडे पाहिलं, पलीकडच्या स्टुलाकडे. मग परत माझ्याकडे. त्याला कळत चाललेलं मला दिसत होतं, आणि ते थांबवायला माझ्याकडे काही नव्हतं. मी काठ्या स्टुलावर टाकल्या आणि जिना उतरून पळत सुटले.

दवाखान्यात येऊन मी दार लावून घेतलं. पेशंटचा उजवा तो माझ्या डाव्या हाताला, हे मी गेलं वर्षभर रोज करते आहे. आत्या 'उजवी दाढ' म्हणाली की माझा हात न चुकता पलीकडे जातो. आणि तीच मी, ज्या माणसाकडे सगळ्यात जास्त पाहिलं, त्याच्याच बाबतीत हे विसरले. तो समोर बसला होता. त्याचा उजवा तो मी डाव्याने घेतला, हात, पाय, खांदा, सगळं. समोर बसून, वर्षभर, डोळे लावून पाहिल्याशिवाय ही चूक माणसाकडून होऊच शकत नाही. आणि ते त्याला आता माहीत होतं. मला इतकी लाज वाटली की रडूही येईना.

आत्या हात पुसत बाहेर आली. "लवकर संपला क्लास?"

मी तिला सांगितलं. सगळंच सांगितलं. उशी, आरशांच्या दांड्या, खांदा. ती शांतपणे ऐकत होती. मला वाटलं, आता ओरडणार.

"म्हणजे समोरून पाहिलंस म्हणून उलटं शिकलीस," ती म्हणाली.

"हो."

"आणि तो तुला समोरून दिसला कसा?"

"कसा म्हणजे? दिसतो. बसतोच तसा."

"कार्टे," आत्या म्हणाली, "तू यायच्या आधी त्या ठोक्याची पाठ दिसायची. ड्रम भिंतीकडे तोंड करून असायचा. आवाजही निम्मा यायचा, मी चालवून घेत होते. तू इथे कामाला लागलीस आणि आठवड्याभरात त्याने अख्खा ड्रम फिरवून खिडकीकडे केला. मी भांडायला गेले होते. म्हटलं, पूर्वीसारखा कर. तर म्हणतो, नाही, या बाजूने उजेड चांगला येतो."

"उजेड?"

"एवढीशी गल्ली. दुपारीसुद्धा दिवा लावावा लागतो. कसला डोंबलाचा उजेड."

मी उभी होते ती खाली बसले. स्टूल तिथे नव्हतं. आत्याने दंडाला धरलं म्हणून वाचले.

"हे तू मला वर्षभर सांगितलं नाहीस?"

"मी दातांची डॉक्टर आहे," ती म्हणाली. "दुखल्याशिवाय कुणाच्या तोंडात हात घालत नाही. आता जा. मी आहे इथे."

जिना मी कसा चढले, आठवत नाही. क्लासचं दार उघडंच होतं. आत पाहिलं आणि पुन्हा एकदा जागच्या जागी थिजले. अख्खा ड्रमसेट मोडून ठेवला होता. मला वाटलं, तो इतक्यातच चालला. पण तो बांधाबांध करत नव्हता. तो गुडघ्यांवर बसून झांजांची जोडी उचलून डावीकडून उजवीकडे ठेवत होता. मोठा ढोल उजवीकडून डावीकडे गेला होता. पायाचं पेडलही सरकवलं होतं.

"हे काय करताय?"

त्याने मान वळवली. कपाळावर घाम. "तुझा ठेका बरोबर आहे," तो म्हणाला. तुमचा नाही, तुझा. "ड्रम चुकीच्या बाजूला लावलेला होता. झालंच आता. बसून बघ."

"नाही. आधी मला बोलायचंय."

"बोल."

पाठ केलेलं सगळं पार धुऊन गेलं होतं. "तुम्ही जाऊ नका," मी म्हणाले. "म्हणजे... मला हक्क नाही म्हणायचा. पण मला तुम्ही आवडता. तोंड बधिर होतं तेव्हाही, आणि त्याच्या आधी वर्षभरही. मी ड्रम शिकायला आलेच नव्हते. नंतर शिकावंसं वाटायला लागलं, ते वेगळं. पण आले होते तुमच्यासाठी. जाऊ नका... जाऊ नकोस."

मोठ्या ढोलाच्या मागे काहीतरी खणकन पडलं, आणि बँकवाल्या काकांचं डोकं हळूहळू वर आलं. हातात पाना होता.

"मी काही ऐकलं नाही," ते म्हणाले. "मी फक्त स्क्रू आवळत होतो."

मला वाटलं, धरणी दुभंगावी आणि तिने निदान काकांना तरी पोटात घ्यावं. तो उठून उभा राहिला. हसेल असं वाटलं होतं, पण त्याचा चेहरा माझ्यापेक्षा घाबरलेला होता.

"तू कधी वर बघतच नव्हतीस," तो म्हणाला. "मी थांबून खिडकीकडे पाहिलं की तुझी मान खाली. कायम खाली. मला वाटायचं, हिला प्लास्टरपलीकडे जग नाही. वर्षभर वाट पाहिली मी. मग म्हटलं, आपण जावं हे बरं."

"तू वाजवायला लागलास की मी बघायचे."

"वाजवताना मी कुठे वर बघतो..."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. दोघांनाही हसू येत होतं आणि दोघांनाही जरा रडूही येत होतं, आणि काका पाना धरून अवघडून उभे होते.

"पण हॉटेलवाल्यांना मी शब्द दिलाय," तो म्हणाला.

एवढा वेळ तरंगत होते ती खाली आले. शब्द दिलेल्या माणसाला आपण काय म्हणणार? मी मान खाली घातली. तेवढ्यात त्याने खिशातून फोन काढला आणि तिथेच, माझ्यासमोर, नंबर लावला.

"नमस्कार. मी ड्रमवाला बोलतोय... हो, दात ठीक आहे. पण मला येता येणार नाही... माफ करा, शब्द मोडतोय, माहीत आहे मला. माझ्या ओळखीचा एक चांगला वाजवणारा आहे, त्याला उद्याच पाठवतो." पलीकडून कुणीतरी चिडून बोलत होतं. तो कपाळ चोळत ऐकत राहिला. खोटं बोलणं त्याला जमत नव्हतं, ते उघड दिसत होतं. "कारण?... कारण असं आहे, माझ्या क्लासमध्ये एक मुलगी आहे. तिला उजवा-डावा कळत नाही. तिला असं सोडून मला निघता येत नाहीये."

काकांनी पाना तोंडावर धरला.

मला तिथे नुसतं उभं राहवेना. मी जाऊन स्टुलावर बसले, काठ्या सैल धरल्या आणि सुरू केलं. टिक टिक टिक टिक, आणि मध्येच तो सणसणीत फटका, खाली पाय धप्प. सगळं जिथल्या तिथे. उशीवर इतके दिवस मुका असलेला ठेका पहिल्यांदाच मला ऐकू येत होता, आणि तो मी वाजवत होते, यावर माझा विश्वास बसत नव्हता.

पलीकडच्याने काहीतरी विचारलं. "तीच वाजवतेय," तो फोनवर म्हणाला. "...हो, चांगली वाजवते. नाही, तरी सोडता येत नाही. ...किती दिवस?"

त्याने फोन छातीशी धरला आणि माझ्याकडे पाहिलं. "विचारतायत, तुला शिकवायला किती दिवस लागतील. तोवर जागा ठेवतो म्हणतायत."

मी वाजवायचं थांबवलं नाही.

"सांग त्यांना," मी म्हणाले, "मी फार हळू शिकते."